नंबर लागला का?

(शनिवार पेठेतील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा लेखी पाठ)



संयोजकांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आणि पेला ठेवला आहे. पेला साधारण २०० मिलिलिटरचा असावा. माझ्या कामामुळे मला कुठेही गेलं की भांड्यांची मापं काढायची खोड लागली आहे. तुमच्या-माझ्यासाठी हा पेला घसा ओला करण्यापुरता. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्यातल्या पुष्कळांसाठी तो दिवसभराच्या शिध्याचा पाचवा हिस्सा आहे. एका लिटरच्या आत सगळं बसवायचं आणि त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी, गोळ्या गिळायला लागणारा घोट, सगळं आलं.

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय समाजसेविका म्हणून बावीस वर्षं डायलिसिस विभागात काम केलं. म्हणजे मशीन सोडून बाकी जे काही बिघडतं, ते माझ्या टेबलावर यायचं. ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांना मी पाहिलेलं नाही. पण ते वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाला आधी 'हे उत्तर तुला कसं सुचलं?' असं विचारत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. आमच्या विभागात हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. आम्ही म्हणतो, 'पेशंट ऐकत नाही.' फाइलवर तसं लिहितोही. आज या तीन शब्दांबद्दलच बोलायचं आहे.

इथून दहा मिनिटांच्या अंतरावर एक बाइंडर राहतात. वय चव्वेचाळीस, घरात बायको, दोन मुलं आणि मधुमेह असलेली आई. त्यांच्या परवानगीनं बोलते आहे, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. पेठेत तेवढ्यानं भागत नाही, हे मलाही माहीत आहे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास डायलिसिस. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे शस्त्रक्रिया करून शीर धमनीला जोडलेली. त्यावर बोट ठेवलं तर मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. ती थरथर चालू आहे का, हे रोज सकाळी उठल्यावर बघायचं. त्या हातावर ब्लडप्रेशर घ्यायचं नाही, वजन उचलायचं नाही, दाब द्यायचा नाही. आणि बाइंडिंगचं काम म्हणजे दाब देण्याचंच काम. शिकंजा आवळायला त्यांनी एक पोरगा ठेवला. स्वतः खळ लावतात, पुठ्ठा कापतात.

त्यांच्या फाइलवर लिहिलं होतं: जूनमध्ये तीन वेळा गैरहजर, दोन खेपांमधली वजनवाढ साडेचार किलो, फॉस्फरसच्या गोळ्या घेत नाही, सूचना पाळत नाही. समोर बसवून एकेक विचारत गेले. जून का? तर शाळा उघडतात, अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि बाइंडरची वर्षाची निम्मी कमाई त्या महिन्यात होते. गोळ्या का नाही? तर त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, नंतर घेतल्या तर वाया. दुपारचं जेवण दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, उभ्यानं. 'गोळी काढली की विचारतात, काय झालंय? सांगितलं की काम दुसरीकडे देतात. वह्या वेळेवर मिळणार नाहीत असं वाटतं त्यांना.' आणि पाणी? यावर ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, 'ताई, पाण्याचं खरं सांगू का? मला कंटाळा आलाय. कुणासाठी मोजायचं?'

पहिल्या दोन उत्तरांवर उपाय होते. सकाळची पाळी संध्याकाळची करून दिली आणि तंत्रज्ञांनी जूनभर ती सांभाळली. मोठ्या गोळीचे दोन तुकडे करून शर्टाच्या खिशात ठेवायचे ठरले. तिसऱ्या उत्तरावर आमच्या विभागाकडे काहीच नव्हतं. फाइलमध्ये त्यासाठी रकानासुद्धा नव्हता.

प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत बाइंडरांचं नाव आहे. बाहेरच्यांना वाटतं, यादीत नाव लागलं म्हणजे माणूस रांगेत उभा राहिला. रांग मनाला बरी असते. पुढच्याची पाठ दिसते. रेल्वेच्या वेटिंग लिस्टचा आकडा निदान एकाच दिशेनं सरकतो. ही यादी तशी नाही. रक्तगट, वय, पूर्वीचं प्रत्यारोपण, रक्तातली प्रतिद्रव्यं, दाता कोणत्या रुग्णालयात आहे, अशा गोष्टींवर ती त्या-त्या वेळी नव्यानं लागते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं हे काम बघतात. पुण्याचं केंद्र म्हणजे आपण झेडटीसीसी म्हणतो ते. जंतुसंसर्ग झाला, हृदयाचा त्रास निघाला, तर तुमचं नाव काही काळ निष्क्रिय होतं. यादीत असूनही नसल्यासारखं. अवयववाटपाच्या राष्ट्रीय निकषांत डायलिसिसवर काढलेल्या प्रत्येक महिन्याला एक गुण मिळतो. त्याचा हेतू न्याय्यच आहे. पण हा गुण कशाबद्दल मिळतो, ते बघा. आजारात मुरण्याबद्दल!

आणि शेजारीपाजारी जिन्यात भेटले की विचारतात, 'काय, नंबर लागला का?'

बाइंडरांच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा. २०११च्या दुरुस्तीनं अशी न जुळणारी दोन कुटुंबं आपसात दाते बदलू शकतात, त्याला स्वॅप म्हणतात. तेही पाहून झालं, जोडी मिळाली नाही. म्हणजे राहिला एकच मार्ग: कुणीतरी मेंदूमृत होणं आणि त्याच्या घरच्यांनी त्या अवस्थेत मन घट्ट करून होकार देणं. ही वाट बघणं साधं नसतं. एकदा त्यांनी पुतण्याला माझ्यासमोर झापलं. हेल्मेट न घालता आला होता. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात, तेव्हा पुतण्यानं आपलं नेहमीचं पुणेरी भाषण सुरू केलं. काकांनी त्याला मध्येच तोडलं. 'घाल म्हणतो ना. तुझ्यासारख्या एखाद्याचीच वाट बघत बसलोय मी इथं, कळतंय का?' पुतण्या हसला. काका हसले नाहीत. मला नंतर म्हणाले, पावसाळ्यात गाड्या घसरल्याची बातमी पेपरात आली की आधी मनात आशा येते आणि मग स्वतःची किळस वाटते.

एका रात्री पावणेबाराला फोन आला. मूत्रपिंड मिळण्याची शक्यता आहे, उपाशी पोटी या. अशा वेळी एकाहून जास्त जणांना बोलावतात, कारण काढलेलं मूत्रपिंड बर्फात फार काळ थांबू शकत नाही. साधारण दिवसभराच्या आत ते बसावं अशी धडपड असते, आणि पहिल्याचं जुळलं नाही तर दुसरा तयार हवा. बायकोनं देवापुढे दिवा लावला, आईनं हातावर साखर ठेवली आणि मग 'उपाशी' आठवून पुन्हा काढून घेतली. रुग्णालयात रक्त घेतलं. पहाटे निरोप आला, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. म्हणजे यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं दात्याच्या पेशींवर उठताहेत, बसवलं तर शरीर ते लगेच नाकारेल. 'पॉझिटिव्ह' ऐकून त्यांची बायको आनंदानं रडायला लागली. तिला उलगडून सांगणारं त्या वेळी तिथं कुणी नव्हतं. रिक्षानं घरी आले तेव्हा दूधवाला आला होता.

पुढचे दहा दिवस त्यांनी एकही गोळी घेतली नाही. फाइलवर काय लिहिलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

डॉक्टरांची बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. नवीन मूत्रपिंड बसल्यावर त्याला शरीरानं परकं मानू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. डोस चुकवत गेलं की अवयव जातो. तो अवयव कुठल्या तरी घरानं रडत रडत दिलेला असतो आणि यादीत मागे शेकडो माणसं असतात. तेव्हा आज गोळ्या चुकवणारा उद्या काय करील, ही डॉक्टरांची काळजी खोटी नाही. म्हणून प्रत्यारोपणाआधी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी होते, ती व्हायलाही हवी. माझं म्हणणं पुढचं आहे.

आजारी मन कुणाला म्हणायचं, इथपासून अडचण आहे. थकवा, झोप न लागणं, भूक जाणं, कशातच रस न वाटणं ही नैराश्याची लक्षणं. रक्तात युरिया साठला, हिमोग्लोबिन उतरलं की हीच लक्षणं दिसतात. त्यामुळे प्रश्नावली देऊन मोजलं तर डायलिसिसवरच्या दहातले जवळजवळ चार जण नैराश्यात निघतात. तज्ज्ञानं समोर बसून मुलाखत घेतली तर पाचात एक किंवा थोडं अधिक. जगभरच्या अभ्यासांची बेरीज करून आलेले हे आकडे आहेत. यातला कमी आकडा धरला, तरी वीस खाटांच्या विभागात एका पाळीला चार माणसं होतात. रक्तदाब आपण प्रत्येकाचा घेतो, दर तासाला.

गोळ्यांनी भागतं का? तेही सरळ नाही. डायलिसिसवर नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना सर्ट्रालीन देऊन पाहिलं, साखरेच्या गोळीहून फरक पडला नाही. २०१७चा अमेरिकेतला अभ्यास. दोन वर्षांनी डायलिसिसवरच्यांमध्ये तेच औषध आणि समुपदेशन यांची तुलना झाली. दोन्हीकडे माणसं सुधारली, औषधाचं पारडं किंचित जड. त्या अभ्यासातली मला आवडलेली गोष्ट अशी की समुपदेशक रुग्णाच्या खुर्चीशेजारी बसून बोलत असत, मशीन चालू असताना. चार तास माणूस तिथं बांधलेलाच असतो. छताकडे बघत, नाहीतर मोबाइलवर रील बघत. त्याच्याशी बोलायला वेगळी वेळ काढायलाच लागत नाही.

१९७१मध्ये हॅरी एब्रम नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं डायलिसिसवरच्या रुग्णांच्या आत्महत्यांची पाहणी केली. त्यात त्यानं अवघड प्रश्न उभा केला. जो माणूस जाणूनबुजून पथ्य मोडतो, पाणी पितो, पोटॅशियम खातो आणि त्यातच जातो, त्याला कुठल्या रकान्यात धरायचं? आमच्याकडे त्याला 'नॉन-कम्प्लायंट' म्हणतात. एब्रमचा प्रश्न वाचल्यापासून मला तो शब्द नीट उच्चारता येत नाही.

सूचना पाळणाऱ्या 'चांगल्या पेशंट'ची ही कल्पना आली कुठून, ते सांगते. १९६०मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी नळी काढली आणि डायलिसिस एका वेळचा उपाय न राहता जन्मभराचा झाला. मशीनं मोजकी, माणसं पुष्कळ. मग शहरातल्या सात जणांची समिती नेमली: वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, कामगार पुढारी, सरकारी अधिकारी, शल्यविशारद. कुणाला मशीन द्यायचं, म्हणजे कुणी जगायचं, ते हे ठरवणार. लग्न झालंय का, पोरं किती, नोकरी कसली, चर्चला जातो का, हे बघितलं जाई. १९६२मध्ये शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी 'लाइफ' साप्ताहिकात हे सगळं छापलं आणि केवढा गदारोळ झाला. आज अशी समिती नाही. गुण आहेत, संगणक आहे, कायदा आहे. पण तपासणीच्या खोलीत शिरणारा पेशंट अजून त्या सात जणांसमोरच उभा असतो. शर्ट इस्त्रीचा घालून येतो. 'झोप छान लागते. मन प्रसन्न असतं. कुटुंबाचा भक्कम आधार आहे.' हे सगळं पाठ करून आलेलं असतं. कारण प्रतीक्षालयात आधीच्यानं बजावलेलं असतं: रडू नको, नाव कापतात.

कापतात का? नुसत्या नैराश्यावरून सहसा नाही. उपचार करा आणि या, असंच सांगतात. पण भीतीला नियमावली वाचता येत नाही. आमच्या बाइंडरांनी मला 'कुणासाठी मोजायचं' हे सांगितलं, कारण माझ्या हातात शिक्का नव्हता. तेच वाक्य त्यांनी तपासणीत सांगितलं नाही. ज्या खोलीत ते सर्वांत उपयोगी पडलं असतं, त्याच खोलीत ते गिळलं.

आणखी एक उदाहरण, मुंबईतलं. तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आणीबाणीत अटकेत असताना जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडं गेली. १९७५च्या नोव्हेंबरमध्ये सुटका झाली आणि त्यांना जसलोक रुग्णालयात आणलं. तेव्हापासून ८ ऑक्टोबर १९७९ला मृत्यू येईपर्यंत ते डायलिसिसवरच होते. त्यांच्या मशीनसाठी लोकांनी रुपया-रुपया गोळा केला. सत्तरी ओलांडलेला माणूस, सुया टोचून घेत, १९७७ची निवडणूक उभी करतो. याचं उदाहरण देऊन आमचे काही डॉक्टर पेशंटला म्हणतात, 'बघा, जेपींनी केलंच ना!' मला हे उदाहरण असं फेकणं पसंत नाही. जेपींकडे कुणासाठी मोजायचं याचं उत्तर होतं, ते दारात येऊन बसलं होतं. बाइंडरकडे ते रोज नव्यानं शोधावं लागतं, आणि शोधायला मदत लागते.

बाइंडरांच्या घरात ते उत्तर बायको शोधते. रोज दोन स्वयंपाक. यांची भाजी चिरून पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकळायची, म्हणजे पोटॅशियम उतरतं. चवही उतरते. लोणच्याची बरणी तिनं माळ्यावर टाकली, आता घरात कुणीच लोणचं खात नाही. तिला कसं वाटतं, हे बावीस वर्षांत एकाही बायकोला विभागातल्या कुणी आपणहून विचारल्याचं मला आठवत नाही. मी विचारलं ते उशिराच. देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे उघड आहे. जिचं जुळत नाही ती बाई अपराधी वाटून दुप्पट राबते. ही तर म्हणाली, 'माझ्याच रक्तात खोट.'

आणि मग येतो गणपती. शनिवार पेठेत राहून डायलिसिस म्हणजे काय, हे अनंत चतुर्दशीला कळतं. केळकर रस्ता बंद, लक्ष्मी रस्ता बंद, मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. दोन खेपांमधला लांबलेला खंड धोक्याचा असतो. मोठ्या सुट्टीनंतरच्या दिवशी डायलिसिसवरचे मृत्यू जास्त होतात, हे २०११मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींतून पुढे आलेलं आहे. म्हणून आम्ही पेठांतल्या पेशंटची पाळी आदल्या दिवशी घेतो. एका वर्षी बाइंडर आदल्या दिवशी आले नाहीत. तंत्रज्ञ मुलीनं फोन केला. ती नवी होती, ठरलेलं वाक्य तिला अजून पाठ झालं नव्हतं. 'काका, का आला नाहीत?' न विचारता तिनं विचारलं, 'काका, आज काय झालं?' ते तिच्याशी वीस मिनिटं बोलले. मग संध्याकाळी सहाला चालत आले. पहिल्यांदा ते तिच्याजवळ म्हणाले की औषध हवंय, मनाचं. ते सुरू करून आता दीड वर्ष झालं. पाण्याचा आकडा अधूनमधून चुकतो. जून चुकत नाही.

त्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी आता शिकवत फिरते. प्रत्यारोपण केंद्रांकडे माझं मागणं एवढंच आहे: पात्रता ठरवणारा आणि उपचार करणारा माणूस वेगळा ठेवा, आणि हे वेगळेपण पेशंटला पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत, स्पष्ट सांगा. क्रॉसमॅच जुळला नाही म्हणून पहाटे परत पाठवलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी फोन करा. खर्च एका फोनचा आहे.

तुमच्याकडेही मागणं आहे. भेटायला जाताना शहाळं नेऊ नका. आपल्याकडे आजाऱ्याला शहाळं हे इतकं ठरलेलं आहे की पेशंट संकोचानं पितो. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. केळी, सुकामेवाही नको. नुसते जा, बसा, दुकान कसं चाललंय विचारा. जिन्यात 'नंबर लागला का' विचारू नका. लागला तर पेढ्यांवरून कळेल. आणि घरात कुणी 'कुणासाठी मोजायचं' म्हणालं, तर त्याला जेपी सांगू नका, ऐकून घ्या. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बाइंडरांना आज इथं यायचं होतं. पण आज त्यांची पाळी आहे, आत्ता साधारण तिसरा तास चालू असेल. त्यांचं नाव यादीत अजून आहे, सक्रिय आहे. येत्या बारा तारखेला महिना भरतो. एक गुण वाढेल.